“आवाज यायलाय का?” : गटाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये दर वेळी तेच अडतं, ते कसं सोडवायचं

शेतकरी गट, महिलांचे ग्रामसंघ, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या, सगळ्यांच्याच व्हीसी (व्हिडिओवरच्या ऑनलाइन मीटिंगा) मराठवाड्यात आता नेहमीच्या झाल्या आहेत. किनवटच्या किंवा परंड्याच्या माणसाला परभणीच्या कृषी विद्यापीठात तज्ज्ञाला गाठायचं तर अख्खा दिवस मोडतो, गाडीभाडं वेगळं, आणि फवारणीच्या दिवसांत तेवढी सवड कुणालाच नसते. आपापल्या गावात बसून दहा-बारा गटांना एकाच वेळी तज्ज्ञाशी बोलता येतं, ही आपल्याकडे फार मोठी सोय आहे. म्हणूनच ती दर महिन्याला त्याच जागी अडकलेली बघवत नाही. पहिली पंधरा मिनिटं “आवाज यायलाय का?”, “दिसायलंय का?” यात जातात. मग आवाज घुमायला लागतो, कुणाचा तुटतो, कुणाचा येतच नाही. तज्ज्ञ मुद्द्यावर येतात तेवढ्यात मीटिंग बंद पडते, आणि उठताना सगळे म्हणतात, “नेटच नाही आपल्याकडं, काय करावं.”

गटांच्या मीटिंगा लावून देण्याचं काम मी करतो. त्यावरून ठामपणे सांगतो, “नेट नाही” हे यातल्या निम्म्या तक्रारींचंही खरं कारण नसतं. कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. खूण ओळखली नाही तर आपण दर वेळी राउटर बंद-चालू करत बसतो आणि बिघाड जिथल्या तिथं राहतो. म्हणून खाली लोक ज्या शब्दांत तक्रार करतात त्याच शब्दांपासून सुरुवात केली आहे.

त्याआधी एक गोष्ट पक्की धरा. मीटिंग आवाजावर चालते, चित्रावर नाही. चित्र थांबलं तरी माणसं ऐकत राहतात. आवाज दोन मिनिटं गेला की मात्र माणसं उठून जातात. आकड्यांतही हे दिसतं. झूमच्या गटातल्या चांगल्या चित्रासाठी सेकंदाला साधारण ६०० किलोबिट ते १ मेगाबिट इतका वेग लागतो, नुसत्या आवाजाला ६० ते ८० किलोबिट पुरतात. म्हणजे जिथं चित्र जेमतेम चालतं तिथं आवाज निवांत चालू शकतो. डेटाचा हिशोबही तसाच आहे. तासभर चित्रासह बसलं तर येणारं-जाणारं मिळून अर्धा जीबी सहज जातो, नुसत्या आवाजाला शंभर एमबीसुद्धा लागत नाहीत. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असलेल्या आणि सकाळपासून पोरांनी फोन वापरलेल्या घरात हा फरक मोठा असतो.

“माझाच आवाज मला परत यायलाय”

ही सगळ्यांत जास्त येणारी तक्रार आहे आणि हिचा नेटशी काडीचाही संबंध नसतो.

होतं असं. तुम्ही बोलता, तो आवाज दुसऱ्या गावातल्या फोनच्या किंवा स्पीकरच्या तोंडातून बाहेर पडतो, तिथलाच माइक तो पकडतो आणि तुमच्याकडं परत पाठवतो. म्हणून एक नियम तोंडपाठ करा: ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, त्याच्याकडं बिघाड नसतो. बिघाड समोरच्या कुठल्यातरी टोकाला असतो. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. ज्याला त्रास होतो तो बिचारा आपला फोन बंद-चालू करतो, बाहेर पडतो, परत येतो, आणि घुमणं तसंच राहतं.

शोधायचं कसं? मीटिंग चालवणाऱ्यानं सगळ्यांना म्यूट करायचं आणि एकेका गावाला माइक उघडायला सांगायचं. एक गाव उघडलं की दोन वाक्यं बोलायची. आपला आवाज आपल्याला परत आला तर ते गाव सापडलं. दहा-बारा गावं असली तरी हे काम तीन-चार मिनिटांचं आहे, आणि मीटिंगच्या आदल्या दिवशी केलं तर ती तीन-चार मिनिटंही वाचतात.

गाव सापडल्यावर तिथं बहुतेक वेळा या दोनांपैकी एक गोष्ट निघते. पहिली, एकाच खोलीत दोन फोन मीटिंगमध्ये आहेत. समाजमंदिरात गटाचा लॅपटॉप लावलेला असतो आणि मागं बसलेल्या एका भाऊनं त्याच लिंकवर आपल्या फोननं प्रवेश केलेला असतो, कारण त्याला पुढचं नीट दिसत नाही. हे दोन यंत्रं एकमेकांचा आवाज पकडतात आणि क्षणात कर्कश शिट्टी सुरू होते. इथं नुसतं म्यूट करून भागत नाही, कारण त्या फोनचा स्पीकर चालूच राहतो आणि लॅपटॉपचा माइक तो ऐकतो. दुसऱ्या फोनचा आवाज पूर्ण बंद करावा लागतो. झूममध्ये त्या फोनवरून ऑडिओच काढून टाकता येतो, चित्र तेवढं राहतं. सोपा नियम असा करा की एका खोलीत बोलणारं-ऐकणारं यंत्र एकच. बाकीच्यांनी बघायचं असेल तर बघावं.

दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरचा स्पीकर. गावात कार्यक्रमाचा स्पीकर आणि अॅम्प्लिफायर असतो, तो फोनला जोडला की सगळ्यांना ऐकू येईल असं वाटतं, आणि ते बरोबरही आहे. पण फोन स्पीकरच्या तोंडासमोर ठेवला की घुमणं ठरलेलं. स्पीकर लोकांकडं तोंड करून पुढं ठेवा, माइक त्याच्या मागच्या बाजूला ठेवा, आवाज गरजेपुरता ठेवा, आणि आपलं गाव बोलत नसेल तेव्हा म्यूट. ब्लूटूथचा स्पीकर शक्यतो वापरूच नका. फोन आणि लॅपटॉपमध्ये घुमणं कापणारी व्यवस्था असते. मी आत्ता काय वाजवलं ते तिला माहीत असतं आणि माइकमध्ये तेच आलं तर ती ते वजा करते. ब्लूटूथमुळं आवाज उशिरा वाजतो आणि हे वजा करणं फसतं. साधी वायर लावली की हा प्रश्न उरत नाही.

या एका बिघाडावर मी एवढं लिहितोय त्याला कारण आहे. स्वतःचा आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतक्या उशिरानं कानावर पडला की सराईत वक्तासुद्धा अडखळतो, हे माणसाच्या मेंदूचंच आहे. मग पहिल्यांदाच माइकसमोर आलेल्या ताईचं काय होत असेल? ती दोन शब्द बोलते, आपलाच आवाज ऐकून दचकते आणि “सर, तुम्हीच बोला” म्हणून फोन सोडून देते. मग पुढच्या मीटिंगला ती मागं बसते. तिचा प्रश्न तसाच राहतो.

“तुटक तुटक यायलंय, रोबोटासारखं”

हा मात्र खरा नेटचा आजार आहे. आवाजाचे तुकडे पोचत नाहीत किंवा उशिरा पोचतात, मग ॲप मधल्या जागा अंदाजानं भरतं. म्हणून आवाज धातूचा, लांबट येतो. नेहमी तपासायची गोष्ट म्हणजे पाठवण्याचा वेग. आपण व्हिडिओ बघतो तेव्हा उतरवण्याचा वेग लागतो, बोलतो तेव्हा पाठवण्याचा. “यूट्यूब तर चांगलं चालतंय” हा म्हणून पुरावा होत नाही. स्पीड टेस्टमध्ये दुसरा आकडा, म्हणजे अपलोडचा, तो वाचा. शिवाय यूट्यूब पुढचं काही सेकंद आधीच भरून ठेवतं. समोरासमोरच्या बोलण्यात तशी सोय नाही, तिथं एका बाजूचा उशीर सेकंदाच्या सातव्या भागाच्या आत असेल तरच संभाषण नैसर्गिक वाटतं.

पहिला उपाय लगेच करा, आपला कॅमेरा बंद. आवाज सुधारला तर कारण सापडलं. सुधारला नाही तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून जोडून बघा. दोन्हींवर तसंच असेल तर माइक किंवा फोन तपासायचा.

आपल्याकडचं एक खास कारण म्हणजे पत्रा. धातूचा पत्रा रेडिओ लहरी आत येऊ देत नाही, परतवतो. पत्र्याच्या शेडमध्ये, दुकानात, शाळेच्या पत्र्याच्या खोलीत बसलेल्या गटाला रेंज कमी मिळते आणि दारात गेलं की दोन काड्या वाढतात. माळवदाच्या जुन्या घरातही जाड भिंतींमुळं असाच अनुभव येतो. अशा वेळी माणसांना हलवायची गरज नाही. नेट देणारा फोन टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा, त्याचं हॉटस्पॉट चालू करा आणि मीटिंगचा फोन किंवा लॅपटॉप आत लोकांजवळ ठेवा. काड्यांवर फार विसंबू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत, सिमच्या स्थितीत रेंजचा आकडा मिळतो. तो उणे ९० च्या आसपास असेल तर चांगलं, उणे ११० च्या पलीकडं गेला तर त्या जागी मीटिंग होणार नाही. खोलीतल्या चार-पाच जागा आदल्या दिवशी अशा तपासून एक जागा ठरवून टाका.

दुसरं म्हणजे वेळ. एका टॉवरचा वेग सगळ्या गावात वाटला जातो. संध्याकाळी सातनंतर सगळे घरी येतात, जेवता-जेवता फोन उघडतात, आणि दुपारी चांगलं चाललेलं नेट रात्री मान टाकतं. “सगळे मोकळे असतात” म्हणून रात्री साडेआठची वेळ ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि हॉटस्पॉटच्या फोनवर कॉल येणं. ज्या फोनमध्ये ४जीवरचा कॉल चालू नाही तो कॉल आला की खालच्या नेटवर्कवर उतरतो आणि अख्ख्या गटाचं नेट जातं. दोन सिमच्या पुष्कळ फोनांत दुसऱ्या सिमवर कॉल घेतला तरी पहिल्याचा डेटा थांबतो. अध्यक्षांचा फोन सतत वाजणारा असतो, त्यामुळं हॉटस्पॉटसाठी तो कधीच घेऊ नका. ज्याला कमी फोन येतात त्याचा घ्या आणि तासाभरासाठी त्यातलं दुसरं सिम सेटिंगमधून बंद करा.

गावात फायबरचं कनेक्शन असेल तर राउटरजवळच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल तर तार कुठंतरी तुटली आहे किंवा सुटली आहे. घरात कितीही बंद-चालू केलं तरी काही होणार नाही, तक्रार नोंदवा आणि त्या दिवसापुरतं सिमवर या.

“सगळे दिसायलेत, पण ऐकूच येईना”

झूममध्ये फोनवरून आत आल्यावर ऑडिओ जोडायचा का असं विचारलं जातं. घाईत तो चौकोन बंद केला की माणूस आत असतो, चित्रं बघतो, पण त्याला ऐकू येत नाही आणि त्याचंही कुणाला ऐकू जात नाही. खूण अशी की त्याच्या पडद्यावर माइकच्या जागी हेडफोनचं चित्र असतं. त्यावर बोट ठेवून वाय-फाय किंवा मोबाइल डेटा निवडायचं, झालं. हे फोनवर समजावून सांगणं अवघड जातं, म्हणून त्या पडद्याचा एक फोटो काढून, बोट कुठं ठेवायचं तिथं लाल गोल करून ग्रुपवर आधीच टाकून ठेवा. असे तीन-चार फोटो कायमचे जवळ असू द्या.

मधेच कॉल आला आणि त्यानंतर आवाज गेला, तर बाहेर पडून परत आत यायचं. त्यात वेळ घालवण्यासारखं दुसरं काही नाही.

“काका, म्यूट काढा, म्यूट काढा” असं दहाजण एकदम ओरडतात तेव्हा काकांना काहीच कळत नाही. चालवणाऱ्याला कुणाचाही माइक परस्पर उघडता येत नाही, तो फक्त विनंती पाठवू शकतो. काकांच्या पडद्यावर एक चौकोन येतो आणि त्यावर त्यांनी स्वतः बोट ठेवावं लागतं. एकानंच, हळू, नाव घेऊन सांगायचं: “काका, पडद्यावर मधोमध चौकोन आलाय का? त्यातल्या उजव्या बाजूच्या अक्षरांवर बोट ठेवा.” बाकीच्यांनी गप्प.

“लांबून कुणीतरी बोलायलंय, कळेना”

मोठ्या सभागृहात वीस-पंचवीस जणी सतरंजीवर बसतात आणि फोन पुढं टेबलावर. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. एक हातावर बोलणारा अध्यक्ष स्वच्छ ऐकू येतो आणि चार-पाच मीटरवरची ताई पंख्याच्या घरघरीत बुडून जाते. वर फोनची गोंगाट कापणारी व्यवस्था तिचा बारीक आवाजही गोंगाट समजून कापून टाकते. समोरचा तज्ज्ञ “कोणी काही विचारत नाही” असं समजून पुढं जातो.

यावर यंत्राचा उपाय म्हणजे वायरचा साधा माइक, जो हातातून हातात देता येईल. तो नसेल तर फोनच उचलून बोलणाऱ्याजवळ न्यायचा, आणि हे काम एका मुलीला किंवा मुलाला नेमून द्यायचं. खोलीचा उपायही आहे. रिकाम्या सिमेंटच्या भिंती आवाज परतवतात, त्यामुळं शब्द एकमेकांत मिसळतात. मागच्या भिंतीला दोन-तीन जाड गोधड्या टांगा, खाली सतरंज्या अंथरा, एवढ्यानं फरक कानाला कळतो. मोठ्या सभागृहाऐवजी अंगणवाडीची किंवा कुणाच्या घरातली भरलेली खोली मिळाली तर ती जास्त चांगली. पंखा माइकच्या रेषेतून बाजूला करा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर मात्र काही इलाज नाही. त्या गावानं ऐकायचं आणि प्रश्न लिहून पाठवायचे.

चेहरे काळे दिसतात ही तक्रार त्या मानानं किरकोळ आहे. मागं उघडं दार किंवा खिडकी असते म्हणून तसं होतं. उजेडाकडं तोंड करून बसा.

लाईट

लाईट जाणार हे धरूनच मीटिंग ठरवायची. राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपियर ते छापलेलं असतं, बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टचा राउटरसाठीचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो आणि काही तास राउटर धरून ठेवतो. फायबरच्या ठिकाणी डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागतो, एकालाच जोडला तर उपयोग नाही. लॅपटॉपची जुनी बॅटरी वीस मिनिटंसुद्धा टिकत नसेल तर लाईट गेल्यावर फोनवरूनच चालवायचं, आणि ते फोन आदल्या रात्री भरून ठेवायचे. गावची लाईट बराच वेळ गेली की टॉवरचीही बॅटरी उतरते, हे विसरू नका. म्हणून पर्यायी सिम दुसऱ्या कंपनीचं, शक्यतो वेगळ्या टॉवरवरचं असावं.

सगळंच गेलं तर? साधा फोन. साध्या कॉन्फरन्स कॉलमध्ये पाच जणांना जोडता येतं. प्रत्येक गावातून एक जण, फोन स्पीकरवर, आणि तज्ज्ञांना एकेका गावाचा एकेक प्रश्न. कोणती पाच गावं आधी आणि कोणती नंतर, कॉल कोण लावणार, हे आधीच लिहून ठेवलेलं असेल तर पाच मिनिटांत काम पुन्हा सुरू होतं. लिहिलेलं नसेल तर त्या दिवसाची मीटिंग गेली.

अर्ध्यातच बंद पडते

झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते. गूगल मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा अधिक जण असतील तर ६० मिनिटं मिळतात. हा बिघाड नाही, ती मर्यादाच आहे. तरीही दर महिन्याला ३९व्या मिनिटाला तज्ज्ञ वाक्याच्या मध्यात असतात. खातं विकत घ्यायचं नसेल तर मीटिंगच तशी आखा. पहिल्या भागात फक्त तज्ज्ञ आणि त्यांना विचारायचे प्रश्न, मग नवी लिंक, दुसऱ्या भागात गटाची आपली कामं. दोन्ही लिंका एकाच संदेशात, वर आणि खाली, वेळेसह पाठवून ठेवा. मागच्या महिन्याची लिंक ग्रुपवर तरंगत असते आणि चार गावं तिथंच जाऊन वाट बघत बसतात. जुना संदेश काढून टाकणं हेही चालवणाऱ्याचंच काम.

वेळ ठरवताना गावाकडं बघा. सकाळी-संध्याकाळी दूध घालायची वेळ नको, तालुक्याच्या आठवडी बाजाराचा दिवस नको. रब्बीत रात्रपाळीला पाणी धरून आलेल्या माणसाला सकाळी आठला बसवणं बरोबर नाही. शेतीपंपाच्या लाईटचं वेळापत्रक आठवड्याला बदलतं, ते बघूनच दिवस धरा. माझ्या मते दुपारी एक ते तीन ही वेळ बहुतेक हंगामांत चालते. टॉवर रिकामा असतो, बायकांची सकाळची कामं उरकलेली असतात, उन्हामुळं माणसं सावलीत असतात.

आत आलेत, पण मीटिंग होत नाही

यंत्रं सगळी बरोबर चालली तरी मीटिंग फसते, आणि याकडं सगळ्यांत कमी लक्ष जातं.

आधी नावं. पडद्यावर “रेडमी”, “सॅमसंग”, “विवो” अशी फोनची नावं येत असतील तर कोण कुठून बोलतंय ते तज्ज्ञांना कळणार कसं? प्रत्येकाला गावाचं नाव आधी आणि स्वतःचं नंतर लिहायला सांगा. चालवणाऱ्यालाही ते बदलता येतं.

चालवणारा आणि बोलणारा एक नको. अध्यक्षांनी सूत्रं सांभाळावीत. आत घेणं, म्यूट करणं, नावं बदलणं, लिंक पुन्हा पाठवणं हे दुसऱ्यानं करावं. गावातली सीआरपी ताई (बचत गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती) किंवा बारावी झालेला एखादा मुलगा हे उत्तम करतो. त्याच्या हाताखाली कागद असावा: गावांची यादी, प्रत्येक गावचा संपर्क, कोणाला बोलायचं राहिलं त्यापुढं खूण.

खूण महत्त्वाची आहे. “कुणाला काही विचारायचंय का?” असं मोकळं विचारलं की दर वेळी तेच दोघे-तिघे बोलतात, कारण ज्याचा माइक उघडा आणि आवाज मोठा तोच पुढं येतो. नाव घेऊन, गावाच्या क्रमानं विचारा. प्रत्येक गावाला दोन मिनिटं, आणि त्यात एक प्रश्न बाईनं विचारायचा असा नियम आम्ही काही गटांत घातला. सुरुवातीला कुरकुर झाली, पण प्रश्न कसे बदलले ते ऐकण्यासारखं होतं. खताच्या मात्रेबरोबर बी कुठं साठवायचं, निंदणीला माणसं मिळत नाहीत तर काय, डाळ करायला नेलेल्या तुरीत किडे कशानं होतात, असे प्रश्न आले. पुढच्या ओळीतल्या पुरुषांनी हे कधी विचारलेच नव्हते.

तज्ज्ञांना दाखवायची गोष्ट मीटिंग सुरू असताना कॅमेऱ्यासमोर धरू नका. पान हलतं, चित्र धूसर होतं, दोन मिनिटं “अजून जवळ घ्या, जरा लांब” यात जातात आणि निदान होत नाही. फोटो आदल्या दिवशी पाठवा: एक जवळून, एक अख्ख्या झाडाचा, एक शेताचा, सोबत पेरणीची तारीख आणि मागच्या फवारणीत काय मारलं ते. कपाशीत बोंडअळीची शंका असेल तर डोमकळी (अळीमुळं न उमलता मिटून राहिलेलं फूल) आणि उमललेलं फूल दोन्हींचा फोटो हवा. २०२२च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर शंखी गोगलगाय तुटून पडली आणि कितीतरी जणांना दुबार पेरणी करावी लागली. ती रात्री खाते आणि दिवसा बांधाच्या ओलसर आडोशाला लपते. दिवसा काढलेल्या फोटोत नुसती कुरतडलेली रोपं दिसतात, खाणारी दिसत नाही. अशा वेळी रात्री बॅटरीच्या उजेडात काढलेला एक फोटो बोलण्याच्या अर्ध्या तासाइतका कामाचा ठरतो.

स्क्रीन शेअर करून एक्सेलचा ताळेबंद दाखवणाऱ्यांना एक विनंती. बघणारे सहा इंचांच्या फोनवर आहेत. चाळीस ओळींची पाटी त्यांना दिसतच नाही, पण कुणी तसं म्हणणार नाही. हवे तेवढे पाच आकडे मोठ्या अक्षरांत एका पानावर घ्या किंवा फोटो आधी पाठवा आणि मीटिंगमध्ये तोंडी वाचा.

ठरलं काय होतं?

पुढच्या महिन्यात “ते तर ठरलं होतं ना?” यावर वाद होतो, तोही नेहमीचाच बिघाड. उत्पादक कंपनीच्या संचालकांची बैठक असेल तर यावर नियमच आहेत. कंपनी कायदा २०१३च्या कलम १७३ नुसार संचालकांना व्हिडिओवरून बैठकीला हजर राहता येतं, आणि २०१४च्या नियमांप्रमाणे सुरुवातीला हजेरी होते. प्रत्येक संचालक आपलं नाव सांगतो, कुठून बोलतोय ते सांगतो, विषयपत्रिका मिळाली का ते सांगतो, आणि आपण बसलोय तिथं दुसरं कुणी ऐकत बसलेलं नाही हेही सांगतो. प्रत्येक विषयावर बोलण्याआधी पुन्हा नाव. इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत सगळ्यांना जातो आणि हजर असलेल्या संचालकांनी ७ दिवसांत मान्यता किंवा हरकत कळवायची असते.

गटांवर असं बंधन नाही, पण हजेरीची ही पद्धत उचलण्यासारखी आहे. एका फेरीत कोण आलंय ते कळतं, प्रत्येक गावचा आवाज तपासला जातो, आणि प्रत्येकाचं तोंड एकदा उघडतं. एकदा बोललेला माणूस पुढं बोलायला बिचकत नाही. निर्णयांसाठी मीटिंगच्या शेवटी पाच मिनिटं राखून ठेवा. तज्ज्ञांनी काय करायला सांगितलं, कोणत्या गावानं काय करायचं, कधीपर्यंत, हे मोठ्यानं वाचून दाखवा आणि तेच त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाका, लिहून आणि आवाजातही, कारण सगळ्यांना वाचायला जमतं असं नाही. ज्या गावाचा आवाज त्या दिवशी तुटत होता त्याला दुसऱ्या दिवशी एक फोन करा आणि त्याचा राहिलेला प्रश्न तज्ज्ञांपर्यंत पोचवा.